बाराव्या पॅडवरची हाक

"पोरगा काय करते?" असं कुणी विचारलं, की आंबेटोल्याचे मुखरूभाऊ दोन बोटं हवेत वर-खाली करून दाखवत आणि म्हणत, "बटनं दाबते."

वर पुन्हा स्वतःच पुस्ती जोडत, "बटन तं आपला चक्कीवाला बी दाबते. पर त्यानं दाबलं तं पीठ निंघते. याच्या बटनातून काय निंघते?"

हा बटणं दाबणारा पोरगा म्हणजे धनराज. बिरजूच्या धुमाल पार्टीत, म्हणजे लग्ना-मिरवणुकीत वाजवणाऱ्या ताफ्यात, तो होता. पिकअपवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर, पुढे ढोल-ताशे आणि मधोमध आपला धनराज, गळ्यात हेडफोन अडकवून, समोर सॅम्पलर मांडून. सॅम्पलर म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी एक काळी पेटी. तिच्यावर रबराचे सोळा चौकोनी पॅड. एकेका पॅडात एकेक आवाज भरायचा आणि बोटानं वाजवायचा. कोणत्या आवाजामागून कोणता आला हे पेटी ध्यानात ठेवते, आणि मग तुम्ही हाताची घडी घालून बसलात तरी तीच वाजवत राहते. हे शेवटचं कळल्यापासून तर मुखरूभाऊंचं मत फारच पक्कं झालं होतं.

आता मुखरूभाऊंच्या मताची धनराजला एवढी काळजी कशाला? तर मुखरूभाऊंची एकुलती एक मुलगी दीपाली. ती दोन वर्षं मूल या तालुक्याच्या गावी होस्टेलवर राहून शिकली आणि गेल्या साली गावात परत आली. दोघांचं जमलं ते आवाजांवरून. इतर धुमालवाले बाजारातून तयार आवाज भरून आणत. धनराजला ते कमीपणाचं वाटे. त्याला आपल्या गावाचे आवाज पाहिजे होते, आणि ते आणून देत होती दीपाली. दुसऱ्या पोरी मोबाइलवर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवतात. ही हातपंप पाठवायची. मग धानाच्या गिरणीचा पट्टा, एसटीचं न लागणारं दार, शेजारच्या झिंगूचा खोकला. झिंगूचा खोकला तर असा ठेक्यात होता, की धनराजनं तो खुळखुळ्याच्या जागी बसवला होता. ऐकणाऱ्याला वाटे, काय पोरगा आहे, केरळातून मागवला असेल हा आवाज.

पॅडांच्या जागा धनराज रोज बदले. आज जिथे ढोल, तिथे उद्या हातपंप. कशात काय आहे हे कळावं म्हणून दीपालीनं आपल्या टिकल्यांचं पाकीट त्याला दिलं होतं. लाल टिकली म्हणजे ढोल, हिरवी म्हणजे गिरणी, चमकीची म्हणजे खोकला. आणि बाराव्या पॅडवर एक मोठी काळी टिकली होती. तिचा अर्थ, हात लावू नये.

कारण त्या पॅडात खुद्द मुखरूभाऊ होते.

मुखरूभाऊ गावचे गुराखी. सगळ्या गावाची ढोरं सकाळी जंगलात न्यायची आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या आखरावर, म्हणजे ढोरं गोळा करायच्या मोकळ्या जागेवर, उभं राहून एक हाक द्यायची. "एऽऽ होऽऽ हुर्र्ऽऽ हाऽऽ!" त्या हाकेसरशी जंगलातून गायी-म्हशी सुटत आणि आपापल्या घरी जात. ही हाक म्हणजे मुखरूभाऊंची इस्टेट. मधली दोनेक वर्षं ढोरं जरा हट्टी झाली होती आणि त्यांच्यामागे काठी घेऊन पळावं लागे, पण ते गवत माजल्यामुळे, असं त्यांचं म्हणणं होतं. एरवी हाकेनं कधी दगा दिला नाही. हाक देताना त्यांची मान फुगे, कान लाल होत, डोळे बाहेर येत. आखरावर मिठाचं टोपलं घेऊन उभी असलेली दीपाली ते पाहून रोज हसे. तिनं चोरून ती हाक मोबाइलवर धरली, तेव्हाही शेवटी हसू फुटलंच. म्हणून बाराव्या पॅडात आधी मुखरूभाऊ आणि त्यांच्या शेपटाला खुदकन दीपाली, असा ऐवज होता. ती हाक संथ करून, तुकडे करून, ओळखू येणार नाही अशी तालाखाली घालायची, असा धनराजचा बेत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दीपाली हातपंपावर भेटली ती तोंड पाडूनच.

"तेरवा कोरपन्याहून पाहुने येऊन राह्यले," ती म्हणाली. "सिमेंटच्या कारखान्यात गार्ड आहे पोरगा. परमनंट."

"अन् तुहा बाप काय म्हन्ते?"

"बाबा म्हन्ते, उद्या मिरवणुकीत त्या बटनवाल्याले एकडाव पाहून घेतो. खरंच काही येत असन तं कोरपन्याले नाई म्हनून फोन करतो. नाई तं तू आपलं सामान बांध."

रात्रभर जागण्यासारखी गोष्ट होती, पण धनराज शहाणा होता. त्यानं सगळे पॅड नीट लावले, टिकल्या ठाकठीक बसवल्या आणि झोपला. सकाळी उठून बिरजूबरोबर जनरेटरचं डिझेल आणायला गेला. घात झाला तो इथेच. दसरा होता, घरात अवजार होतं, आणि अवजाराजवळ त्याची आई रंभाबाई एकटी होती.

तो परत आला तेव्हा तुळशीजवळ पाटावर सॅम्पलर बसला होता. सोळाच्या सोळा पॅडांना हळदीकुंकवाची बोटं. वर अक्षता. आणि झेंडूचा हा एवढा जाड हार, सुतळीनं आडवातिडवा आवळून मागे गाठ मारलेला, कारण गाडीत तो पडू नये.

"माय! टिकल्या कुठी गेल्या?"

"कोन्या पोरीच्या टिकल्या होत्या रे त्या, मले सांग पयले. वापरलेल्या टिकल्या पूजेत ठेवते काय कोनी? काढल्या अन् टाकल्या चुलीत."

"अवो, त्याच्यावरून तं मले समजते!"

"इतके दिवस वाजवून राह्यला, अन् टिकली नसली तं समजत नाई? मंग मुखरूभाऊ बोलते ते का खोटं बोलते?"

धनराजनं हाराला हात घातला. रंभाबाईंनी तो हात वरच्या वर उडवला. "खबरदार! दसऱ्याचा हार सांजच्याले उतरते. टॅक्टरवाल्यायनं काढला काय? बिरजूच्या गाडीचा काढला काय? तुहीच मशीन का आभाळातून पडली?"

बाहेर बिरजू हॉर्नवर हॉर्न देत होता. मशीन चालू-बंद करायचं बटण मागच्या बाजूला, नेमकं गाठीखाली दबलेलं होतं. पण ते चालूवर दबलेलं होतं, एवढी देवीची कृपा. निघता निघता रंभाबाईंनी आणखी एक मूठ अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा बाराव्या पॅडाच्या फटीत जाऊन बसला, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

मिरवणूक शाळेच्या वळणावर उभी होती. ट्रॅक्टरवर देवी, मागे बायका, पुढे पोरं, आणि सगळ्यात पुढे मुखरूभाऊ. धुतलेलं धोतर, कडक टोपी, हात मागे बांधलेले. ढोरं झिंगूवर सोपवून ते खास आले होते. पिकअपपासून हातभर अंतरावर उभं राहून त्यांनी धनराजच्या बोटांवर नजर लावली.

बिरजूनं खूण केली. धनराजनं मनाशी अंदाज बांधून ढोलाचा पॅड दाबला. स्पीकरच्या भिंतीतून झिंगू खोकला. तो खोकला असा दणदणीत होता, की दोन म्हाताऱ्यांनी "पानी द्या गा त्याले" म्हणून मागे वळून पाहिलं. धनराजनं दुसरा पॅड दाबला. एसटीचं दार धाडकन लागलं. जन्मात पहिल्यांदा लागलं असेल.

"हे काय आहे?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"सुरुवात आहे," धनराज म्हणाला. कपाळावर घाम, बोटांना कुंकू, आणि एकेका पॅडावर चाचपडणं. पण पोरगा कच्चा नव्हता. ढोल सापडला, गिरणीचा पट्टा सापडला, हातपंप त्याच्याभोवती गुंफला गेला, आणि ताल उभा राहिला. पोरांनी हात वर केले. मुखरूभाऊंचा उजवा पाय जागच्या जागी किंचित हलला. तो पाय पाहून धनराजला असा काही आनंद झाला, की त्यानं तोऱ्यात हात उगारला आणि हाणला तो बाराव्या पॅडवर.

"एऽऽ होऽऽ हुर्र्ऽऽ हाऽऽ!" आणि मागून, "खुदकन!"

पॅड खाली गेला तो वर येईचना. दाण्यानं त्याला धरून ठेवला होता. हाक संपली की पुन्हा हाक, हसू, पुन्हा हाक. धनराजनं थांबायचं बटण दाबलं. एक क्षण शांतता झाली आणि पोरं ओरडली, "बंद काऊन केलं बे?" तेवढ्यात दबलेल्या पॅडानं पुन्हा सुरुवात केली. मागचं बटण गाठीखाली, वायर हाराखाली, आणि जनरेटर बंद करणारा बिरजू टपावर चढून नाचत होता. धनराज त्याला दोन्ही हातांनी "बंद कर, बंद कर" करून दाखवत होता. बिरजूला वाटलं, नवीन स्टेप आहे. त्यानंही तसेच हात केले. मग सगळ्या पोरांनी केले.

मग धनराजनं कलावंत करतो तेच केलं. चूक निघत नाही म्हटल्यावर तिच्याभोवती ढोल बांधला. हाकेवर एक ठोका, हसण्यावर दोन. आणि काय सांगावं, ते जमलं! पोरं बेभान झाली. बायकांनी पदर खोचले. सारं गाव एकदा स्पीकरकडे आणि एकदा मुखरूभाऊंच्या तोंडाकडे बघू लागलं, कारण आवाज त्यांचा होता आणि तोंड मिटलेलं होतं.

"हा मी आहे!" मुखरूभाऊ ओरडले. "अन् ते... ते हासू माह्या घरचं आहे!"

मागे आरतीचं ताट धरलेल्या दीपालीनं ताटच तोंडावर धरलं.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. स्पीकरची तोंडं वळणामुळे थेट जंगलाकडे झाली होती. मुखरूभाऊंची साधी हाक जिथे नाल्यापर्यंत जायची, तिथे ही नाला ओलांडून, टेकडीला थडकून परत येत होती.

आधी धूळ दिसली. मग गळ्यातल्या लाकडी घंटा ऐकू आल्या. मग सरपंचांची राणी म्हैस, आणि तिच्यामागे गावातलं एकूण एक चार पायांचं जनावर, भर दुपारी, घरी निघालेलं.

घरी जायला वाट एकच होती, आणि तीत मिरवणूक उभी होती. गायींना देवीचं काही नव्हतं, त्यांना आपापला गोठा पाहिजे होता. एक कालवड ताशेवाल्याच्या दोन पायांमधून आपल्या घरी गेली. ताशेवालाही थोडा वेळ तिच्याबरोबर गेला. गोऱ्हे आंब्याच्या तोरणाखाली थांबले आणि तोरण संपवून पुढे निघाले. सगळ्यांच्या मागून झिंगू धापा टाकत, खोकत आला.

"मी काही नाई केलं भाऊ!" तो लांबूनच ओरडला. "तुमीच तं हाक मारली!"

"मी नाई मारली!"

"आत्ता बी मारूनच राह्यले ना!"

मुखरूभाऊंचा पारा चढला. त्यांनी मान फुगवली आणि ढोरं माघारी हाकलायची दुसरी हाक दिली, "हैऽऽ फिर्र्ऽऽ!" ढोरं गर्रकन फिरली. स्पीकर म्हणाला, "एऽऽ होऽऽ... खुदकन!" ढोरं पुन्हा इकडे फिरली. मुखरूभाऊ पुन्हा ओरडले, स्पीकर पुन्हा ओरडला. एका बाजूला मुखरूभाऊ, दुसऱ्या बाजूलाही मुखरूभाऊच, आणि मध्ये सगळं गोधन दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे, अगदी धनराजच्या तालावर. पोरांनी मोबाइल काढले. असं नाचणं आंबेटोल्यात माणसांनीसुद्धा कधी केलं नव्हतं.

राणी म्हैस तेवढी नाचली नाही. ती सरळ स्पीकरसमोर येऊन उभी राहिली. गुराखी बोलतोय आणि दिसत नाही, म्हणून तिनं आधी स्पीकर चाटून पाहिला. मग तिची नजर झेंडूच्या हारावर गेली.

"हुश्श, हुश्श!" धनराज म्हणाला.

राणीनं हार तोंडात धरला. सुतळी मजबूत होती; रंभाबाईंच्या हातची गाठ होती ती. हाराबरोबर सॅम्पलर आला, सॅम्पलरबरोबर वायर आली, वायर तुटली, आणि सगळं कसं एकदम गप्प झालं. सॅम्पलर म्हशीच्या गळ्याशी लोंबकळत चार पावलं गेला आणि शेणात पडला.

त्या शांततेत मुखरूभाऊ धनराजसमोर आले. बोट रोखलं, तोंड उघडलं. आवाजच नाही! स्वतःशीच भांडून घसा पार बसला होता. बोलायचं केवढं होतं आणि निघत होती ती नुसती हवा. त्यांनी झिंगूला जवळ ओढून त्याच्या कानात फुसफूस केली.

"भाऊ म्हनून राह्यले," झिंगू म्हणाला, "का तुह्या आईनं..." तो थांबला. "ते मी नाई सांगत, देवी समोर आहे. पुढचं सांगतो. पोरगी कोरपन्याले जाईन."

धनराज घरी जाऊन ओसरीत बसला. रंभाबाईंनी शेणातली मशीन आणून दिली आणि म्हणाल्या, "काही झालं नाई तिले. पूजा केली होती म्हनून." त्याला रडावं की हसावं कळेना. शेवटी तो रडलाच, थोडंसं, मशीन पुसता पुसता. दुसऱ्या दिवशी त्यानं ती उघडून जुन्या ब्रशनं साफ केली, सुपात घालून उन्हात वाळवली. दाणा सापडला, तो रागानं कोंबडीला टाकला. मशीन चालू झाली. मग त्यानं पहिलं काम केलं ते बाराव्या पॅडातल्या हाकेच्या शेवटाला असलेलं हसू कापून टाकायचं. दीपालीची आणखी शोभा नको, एवढाच त्याचा विचार होता.

उन्हं कलली तसा झिंगू दारात येऊन उभा राहिला.

"मशीन घे अन् आखरावर चाल. भाऊचा गळा बसलेलाच आहे. ढोरं जंगलात आहे, वाघाचे दिवस आहे, अन् माह्या हाकेले कोनी भीक घालत नाई."

आखरावर निम्मं गाव चिंतेत उभं होतं. गळ्याला हळदीचं फडकं गुंडाळून मुखरूभाऊ बसले होते. त्यांनी धनराजकडे पाहिलं नाही, नुसतं जंगलाकडे बोट केलं. दीपाली मात्र नव्हती. कालच्या प्रकारानंतर तिला घरात बसवलं होतं. मिठाचं टोपलं झिंगूच्या हातात होतं.

बिरजूनं जनरेटर सुरू केला. धनराजनं पॅड दाबला. "एऽऽ होऽऽ हुर्र्ऽऽ हाऽऽ!" टेकडी दुमदुमली. नाल्यापलीकडे दिसणाऱ्या ढोरांनी माना वर केल्या, इकडे पाहिलं, आणि खाली घातल्या.

"आवाज वाढव," सरपंच म्हणाले. वाढवला. एका बैलानं कान हलवला. तिसऱ्या वेळी राणी म्हैस चक्क खाली बसली.

मुखरूभाऊ उठून उभे राहिले. हाक त्यांचीच, तीच, शब्दाचाही फरक नाही. मग ढोरं का येत नाहीत? त्यांचा चेहरा असा पडला की धनराजला कालचं सगळं विसरून वाईट वाटलं. कालची आणि आजची हाक त्यानं मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. फरक एकच होता. त्यानं मोबाइल काढला, दीपालीनं पाठवलेला मूळ आवाज पुन्हा पॅडात भरला आणि भीत भीत बोट टेकवलं.

"एऽऽ होऽऽ हुर्र्ऽऽ हाऽऽ!"

ढोरं नुसती बघत राहिली.

"खुदकन!"

राणी उठली. शेपूट वर, आणि सुसाट! तिच्यामागे गायी, गोऱ्हे, बैल, वासरं, सगळी नाल्यातून पाणी उडवत आखरावर आली आणि मिठाच्या टोपल्याभोवती गोळा झाली. झिंगू टोपल्यासकट दिसेनासा झाला, फक्त खोकला ऐकू येत राहिला.

धनराजनं खात्री करायची म्हणून नुसतं हसू पुन्हा वाजवलं. सगळ्या ढोरांनी एकदम वर पाहिलं आणि ती आणखी चार पावलं जवळ आली.

मग मुखरूभाऊंच्या गळ्यातून कालपासूनचे पहिले शब्द फुटले, तेही खरखरत.

"म्हंजे इतके दिवस... मी फुकटच बोंबलून राह्यलो होतो?"

"ते दोन साल ढोरं येत नव्हते ना भाऊ," झिंगू म्हशींमधून म्हणाला, "तवा आपली दीपाली होस्टेलात होती. तुमी गवताचं नाव घेतलं."

मुखरूभाऊ खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

"झिंगू," ते म्हणाले, "कोरपना इथून किती लांब?"

"लय लांब, भाऊ. ढोरायले आयकू येनार नाई."

फोन झिंगूनंच लावला, कारण मुखरूभाऊंना तेवढा आवाज नव्हता. "पाहुने, उद्या येऊ नका," तो म्हणाला. "नाई, नाई, पोरगा चांगलाच आहे तुमचा. पर इथी ढोरायचा प्रश्न आहे." पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. झिंगूनं ते सगळं ऐकून घेतलं, खोकला आणि फोन ठेवला.

धनराजची छाती फुगली होती. कलेचं चीज झालं म्हणतात ते हेच, असं त्याला वाटलं. तो वाकून म्हणाला, "मुखरूभाऊ, मी रोज सांजच्याले मशीन घेऊन येत जाईन. तुमी हाक माराचीच नाई. आवाज अजून साफ करून..."

"मशीन घाल चुलीत," मुखरूभाऊ म्हणाले. "जितीजागती पोरगी गावात राहून राह्यली, तं मशीन कायले पायजे? तू एकच काम करजो. रोज पाचच्या आत तिले हासवजो. एक दिवस बी खाडा चालनार नाई. ती रुसली, का गावाचं दूध गेलं, समजलं काय?"

पौषाच्या आधीच लग्न झालं. मांडवात बिरजूच्या पार्टीनं वाजवलं, आणि सॅम्पलरला हार घालायला रंभाबाईंना कुणी अडवलं नाही. म्हशी तेवढ्या बांधून ठेवल्या होत्या. जेवणाच्या पंगतीत मूलकडच्या एका पाहुण्यानं मुखरूभाऊंना विचारलंच, "जावई काय करते, भाऊ?"

मुखरूभाऊंची दोन बोटं सवयीनं हवेत उठली. मग त्यांनी ती खाली घेतली आणि भाताचा घास कालवत म्हणाले, "पोरीले हासवते. परमनंट आहे."